सगळ्यांची रास

हुबळीत उणकलच्या तळ्यामागे नवी घरं झाली आहेत, त्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी राहते. एकटी. दोन खोल्या, एक गॅस आणि जास्तीची एक खुर्ची. ती खुर्ची कोणी आलं-गेलं तर असावी म्हणून घेतली होती. आता तिच्यावर वाळलेले कपडे असतात. शेजारी चांगले आहेत. जिन्यात भेटले की "ऊट आतेनरी?" म्हणून जेवणाची चौकशी करतात, आणि मी "आत्री" म्हणते, जेवण झालेलं नसलं तरी. त्यापुढे बोलणं जात नाही.

माझं काम लोकांना एकत्र आणायचं. हसू आलं तर हसा, मलाही येतं. धारवाडला मळमड्डीत एका निवृत्त मास्तरांच्या घराच्या पुढच्या खोलीत आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. लहान शेतकऱ्यांचे गट बांधायचे, त्यांची सहकारी संस्था नोंदवायची, मग कर्ज देणाऱ्यांच्या दारात त्यांना उभं करायचं, हे आमचं काम. बावीस वर्षं करते आहे. ज्वारीवाल्यांचे गट बांधले, मिरचीवाल्यांचे बांधले. स्वतःच्या घरी मात्र चार माणसं एकदम बसलेली मला आठवत नाहीत.

कॉफी माझ्या वाट्याला तीन वर्षांपूर्वी आली. कलघटगी ओलांडून यल्लापूरच्या रस्त्याला लागलं की जंगल सुरू होतं, सुपारीच्या बागा लागतात, आणि त्या सुपारीच्या सावलीत घरटी थोडी थोडी कॉफी असते. हुबळीत सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. त्यांची कॉफी चिकमगळूरहून येते. या घरांची चार-सहा पोती असतात. ती ठेवायला जागा नसते, म्हणून वाळली की टेम्पो घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने द्यायची. आमचा बेत साधा होता. सगळ्यांची कॉफी कलघटगीच्या एका गोदामात एकत्र करायची, त्या मालावर तारण कर्ज घ्यायचं, त्यात घरं चालवायची, आणि भाव चढला की माल विकायचा. कर्ज देणाऱ्यांची अट एकच होती: हुबळीच्या खरेदीदाराने नमुना चाखून पास केला पाहिजे. माल एकत्र, म्हणून नमुना एकच. बिघडला तर सगळ्यांचा बिघडणार.

पहिली बैठक त्या रस्त्यावरच्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात झाली. मी तासभर बोलले. लोक माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते. अशा वेळी माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की लोक आणखी गप्प होतात. हे कळूनही बावीस वर्षांत सुधारलेलं नाही. शेवटी मागून एक बाई उठल्या. पंचावन्नच्या असतील, उंच, हाताला सुपारीचे डाग. गावात सगळे त्यांना अक्का म्हणत.

"चार पोती घेऊन गेलो तर व्यापारी आमच्याकडं बघतबी नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची एक रास केली तर बघंल. खळ्यावर करतो की नाही आमी रास? तसंच हे. लिव्हा माझं नाव."

त्यांचं नाव पहिलं लागलं. महिन्याभरात तेवीस घरं झाली, ती माझ्या भाषणाने नव्हे, अक्का दारोदार फिरल्या म्हणून. "तंगी" म्हणायच्या मला, धाकटी बहीण. बाकी सगळं गाव मला मॅडम म्हणायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं घर बौद्ध. वडील बेळगावकडून हुबळीला रेल्वेत कामाला आले, मी इथेच शिकले. खेड्यांत फिरताना मी स्वतःहून काही सांगत नाही, पण गावाला दुसऱ्या भेटीपर्यंत कळलेलं असतं. कसं कळतं ते देव जाणे, त्याच्या खात्यातलंच ते काम असावं. या गावातही कळलं. एका घरी चहा प्यायले, तर कप उचलायला कोणी आलं नाही. सगळे बोलत बसले, छान बोलले. कप माझ्याजवळ तसाच. शेवटी मी उठून नळाखाली विसळला आणि पालथा घातला, तेव्हा कुठे घरातल्या बाईने सुटकेचा निःश्वास सोडला. अशा गोष्टींचा मी राग करत नाही असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे. मला राग येतो, आणि तो मी बसमध्ये बसून घरापर्यंत आणते.

फळं पिकायच्या आधी मी घरोघरी ताडपत्र्या वाटल्या आणि शाळेत सगळ्यांना बसवून वाळवणीचं पत्रक वाचून दाखवलं. लाल फळच तोडा. पातळ पसरा. दिवसातून चारदा हलवा. मूठ कानाशी धरून वाजवा, आत बी खुळखुळलं की वाळलं समजा. पत्रकात एक ओळ अशी होती: शेणाने सारवलेल्या जमिनीवर कॉफी वाळवू नका, वास धरते.

ती ओळ मी वाचली नाही.

समोर तीसएक बायका बसल्या होत्या. त्यांच्या घरात सकाळ सारवण्याने सुरू होते. त्यांच्या अंगणाला माझ्या तोंडून घाण म्हणायचं? उद्या गावात काय बोललं जाईल ते मला ऐकू यायला लागलं. "बघा, आता ही आम्हाला शिवाशिव शिकवणार." मी पुढच्या ओळीवर गेले. ताडपत्र्या दिल्या आहेत, त्यावरच वाळवतील, मनाशी म्हटलं. पत्रकं वाटली होती, पण गाव मराठी बोलणारं आणि ती कानडीत, बारीक अक्षरांत. दुसऱ्या दिवशी बहुतेकांची डब्यांच्या झाकणाखाली गेली असतील.

अक्कांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती वाळवणी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी. त्यांचं अंगण गावात सगळ्यांत मोठं, म्हणून शेजारच्या पाच घरांची कॉफीही तिथेच वाळणार होती. अंगणाच्या कडेला चटई टाकून मला बसवलं. कोकम सरबत दिलं, कप त्यांनी स्वतः उचलला. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की निघताना मी पाणंदीच्या वळणावर थांबून मागे बघितलं. हात हलवावा, असं काहीतरी मनात होतं.

अक्का वाकून अंगण सारवत होत्या. जिथे माझी चटई होती तिथून सुरुवात केली होती.

त्या दिवशी बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. कलघटगीला बाजाराची गर्दी चढली. एक बाई टोपलीसकट माझ्या पायांवर बसली तरी मी काही बोलले नाही. ज्या घरात कप पडून राहिला तिथला राग सोपा होता. तिथे मी काही अपेक्षाच केली नव्हती. इथे केली होती. घरी आल्यावर मी खुर्चीवरचे कपडे काढून घडी घातले आणि पुन्हा खुर्चीवरच ठेवले.

पुढच्या खेपेला गेले तर अंगण पुन्हा ओलं, ताजं सारवलेलं, हिरवट. त्याच्या पुढच्या खेपेलाही. तेव्हा कॉफी आलेली होती, आणि अर्ध्या अंगणात लाल फळं थेट सारवणावर पसरलेली होती. ताडपत्र्या लाकडांच्या ढिगावर. अक्का हातात शेणाची बादली घेऊन उरलेलं अर्धं अंगण सारवत होत्या.

मला दिसलं. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला सांगायला लागले होते की नीट दिसलं नव्हतं. मी फाटकाशी उभी होते, दहा पावलांवर. अक्का म्हणाल्या, "ये की तंगी, आत ये." मी म्हणाले, "नको, बस चुकेल." बस दीड तासाने होती.

एक वाक्य बोलायचं होतं. अक्का, कॉफीखाली शेण नको. पण माझ्या मनात ते वाक्य त्या बादलीशी जोडलं गेलं होतं. अंगणाबद्दल बोलले तर मी ते बघितलं हे त्यांना कळलं असतं. मग त्या काहीतरी गोड बोलल्या असत्या, मी हसून साजरं केलं असतं, आणि ते मला नको होतं. अपमान झाला तर झाला, त्याची चर्चा कशाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि लपवू कशाला, थोडा सूडही होता. सारवा म्हटलं, हवं तितकं सारवा.

रस्त्याला एक नारळाचं झाड आडवं पडलं होतं, त्यावर बसून मी दीड तास काढला. जवळच्या बागेत माणसं बोलत होती. मराठीतच बोलत होती, तरी काय ते मी ऐकलं नाही.

माल कलघटगीच्या गोदामात आला त्या दिवशी गावातले बरेच जण आले होते. पोती सोडून सगळ्यांची कॉफी जमिनीवरच्या कापडावर ओतली, एकच ढीग. अक्कांनी त्याच्यावर फुलं वाहिली, नारळ फोडला. तेवीस घरांची माणसं त्या ढिगाभोवती उभी राहून हसत होती. कुठलं पोतं कुणाचं हे आता कोणाला सांगता येणार नव्हतं. अक्कांच्या अंगणातली पोती ओतण्याआधी मी त्यातल्या एकात हात घातला होता आणि हात नाकाशी नेला होता. मला वास आला. आला की मला तसं वाटलं, असा वाद मी आजही स्वतःशी घालू शकते. पण ती सहा घरांची पोती बाजूला ठेवा एवढं म्हणायची वेळ ती होती, आणि मी हात पदराला पुसला.

आठ दिवसांनी हुबळीहून बोलावणं आलं. खरेदीदाराचा चाखणारा माणूस सभ्य होता, वयस्कर. लांब टेबलावर दहा कप मांडलेले. तो चमच्याने घोट घ्यायचा, जोरात ओढायचा आणि थुंकायचा. चौथ्या कपाशी थांबला. सातव्याशी पुन्हा. नवव्याशी त्याने चमचा खाली ठेवला.

"सगनी," तो कानडीत म्हणाला. शेण. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात सांगितलं, "तीन कपांत आहे. बाकी कॉफी चांगली आहे, वाईट वाटतं. पण मी हे पास करू शकत नाही."

नमुना नापास, म्हणजे तारण नाही. माल पुन्हा पोत्यांत भरून त्याच टेम्पोवाल्याला द्यावा लागला. त्याने नापास झाल्याचं ऐकलेलं होतंच, भाव आणखी पाडला. गावातून फोन यायला लागले. आधी सगळे विचारत होते काय झालं, मग एकच विचारायला लागले: कुणाची कॉफी होती? मी म्हणायची, बैठकीत सांगते. संध्याकाळी तळ्याच्या कडेने चालत राहायची. तिथे जोडपी असतात, पोरं असतात, कणसं भाजणारे असतात. इतक्या माणसांत एक जण नव्हता ज्याला सांगता आलं असतं की मी काय केलं. बहिणीला बेळगावला फोन लावला आणि तिच्या गुडघ्यांबद्दल बोलले.

बैठकीच्या दिवशी मी पहिल्या बसने गेले आणि सरळ अक्कांच्या घरी. या खेपेला त्यांनी चटई टाकली नाही. "आत ये," म्हणाल्या, आणि मला चुलीपाशी पाटावर बसवलं. सासूबाई कोपऱ्यात कांबळं घेऊन बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. अक्कांनी तिकडे लक्ष दिलं नाही. कॉफी उकळली, गूळ घातला, मला दिली.

मी घोट घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. कॉफी स्वच्छ होती. कसलाही वास नाही.

"ही कुठली अक्का?"

"आमच्याच झाडांची. घरापुरती ठेवली ती."

"ही कुठे वाळवली?"

"मागं. गोठ्याच्या पलीकडं, तुझ्या त्या निळ्या प्लास्टिकवर. घरचीच ती, चालतंय की. सगळ्यांची रास प्लास्टिकवर टाकतात होय? तिच्यासाठी अंगण सारवलं. एक दिवसाआड सारवलं. कंबर मोडली माझी."

मी कप खाली ठेवला. मग मी सांगितलं. शेणाचा वास लागला, त्यामुळे नमुना नापास झाला, पत्रकात ती ओळ होती, मी वाचली नाही. अक्का चुलीकडे बघत राहिल्या. लाकूड पुढे सारलं. पुन्हा मागे ओढलं.

"वाचली नाहीस ते नाहीस," त्या म्हणाल्या. "खरं तू आलीस की दोन-तीनदा. फाटकाशी उभी राहिलीस. बघितलीस. तेव्हा का बोलली नाहीस?"

मी बावीस वर्षं लोकांना बोलतं करते. मला तोंड उघडायला वेळ लागला. "मला वाटलं, मी बसून गेले म्हणून तुम्ही सारवता."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून होत्या, पण त्या ऐकत होत्या हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"पहिल्यांदा त्याच्यासाठीच सारवलं," अक्का म्हणाल्या. "सासू म्हटली, सारव. मी सारवलं. खोटं कशाला सांगू तुला. तुझी पाठ वळली न्हवती तोवर बादली हातात घेतली. मग रात्री मला जेवण गेलं नाही. नंतरचं सगळं राशीसाठी. खरं तुला ते कसं कळावं? शेण तेच, हातबी तेच."

मला रडू आलं नाही. राग आला नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की असं कोणी तोंडावर कबूल केलं तर आतलं काहीतरी सुटेल. सुटलं नाही. फक्त त्या कॉफीचा वास येत होता, चांगला, आणि पलीकडच्या शाळेत माणसं जमत असल्याचा आवाज.

बैठकीत मी आधी उठले. ती ओळ वाचून दाखवली आणि सांगितलं, ही मी तुम्हाला वाचून दाखवली नव्हती, चूक माझी आहे. कुणाची पोती होती ते मी सांगणार नव्हते. पण अक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अंगण माझं होतं." मग बराच वेळ सगळे एकदम बोलले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मॅडम, ओळ का सोडली पण?" अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं त्या सांगतील. त्यांना वाटलं असेल मी सांगेन. मी म्हणाले, "चुकून." तेवढं म्हटलं आणि खाली बसले.

ज्यांची कॉफी चांगली होती त्यांतली सहा घरं गटातून निघून गेली. सतरा राहिली, आणि त्यांनी अक्कांनाच अध्यक्ष केलं. त्यांनी ऑफिसला एक अर्जही लिहिला: पुढच्या वर्षी वाळवणी बघायला दुसरं कोणी पाठवा. अर्जावर पहिली सही अक्कांची होती. मी ती बघितली, वळणदार, सावकाश केलेली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी साहेब असते तरी तेच केलं असतं. तरीही त्या सहीकडे मी पुष्कळ वेळ बघत राहिले.

बैठकीच्या दिवशी गावातून निघताना मी पाणंदीच्या वळणावर पुन्हा मागे वळले होते. अक्का अंगणात उभ्या होत्या, रिकाम्या हातांनी. मी दिसेनाशी होईपर्यंत तशाच उभ्या होत्या. सारवायला वाकल्या नाहीत.

यंदा त्यांचा नमुना हुबळीला आला. ऑफिसातली दुसरी मुलगी ते काम बघते. मला चाखणाऱ्या माणसानेच फोन करून सांगितलं, वाटेत आहात तर या. दहा कप मांडलेले होते. तो सगळ्यांतून गेला आणि म्हणाला, पास. आता गावाला तारण मिळेल, कोणाला टेम्पोची वाट बघावी लागणार नाही. त्याने मला विचारलं, एक कप घेणार का. मी उभ्या उभ्या घेतला. कपाला नाक लावून मी तो वास शोधत राहिले, चौथ्या कपात, मग सातव्यात, मग नवव्यात, वेड्यासारखी. कुठेच नव्हता. पर्समध्ये फोन होता आणि त्यात अक्कांचा नंबर. पण पास झाल्याचं त्यांना ऑफिसातून आधीच कळलं होतं, आणि मला सांगण्यासारखं दुसरं जे होतं ते त्यांना चुलीपाशीच सांगून झालं होतं. मी कप विसळला आणि पालथा घातला. चाखणारा माणूस म्हणाला, "अहो राहू द्या की, इथे पोऱ्या आहे."